पेरलेला ग्रह

टाळ्या वाजल्या तेव्हा त्या आपल्यासाठी आहेत हे त्याला आधी कळलंच नाही. तो पडद्याकडे बघत बसला होता. पडद्यावर त्याच्या ग्रहाची ओळ होती आणि त्या ओळीला आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, हिरवा रंग चढला होता. हिरवा म्हणजे पेरलेला. म्हणजे मुळात नसलेला. "वा! आमच्या नकारघंटेनं एकदाचा होकार दिला, आणि तोही नेमका जिथे द्यायला हवा तिथे!" प्रमुख म्हणाले आणि खोलीत हशा पिकला. शेजारच्यानं पाठीवर थाप मारली, कुणीतरी बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. त्यानं एक बिस्कीट उचललं. उचललं तर खायला पाहिजे म्हणून तोंडात टाकलं. ते जिभेवर कोरडं बसून राहिलं, आणि तेवढ्यात सगळे त्याच्याकडे बघतायत म्हणून त्याला हसावंही लागलं. भरल्या तोंडानं, अवघडून, फोटोत हसतात तसं. डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती की आता घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं. निकाल लागला. निकाल लागला म्हणजे त्या जाणार. त्यांनी तसं कबूलच केलं होतं.

या खोलीतलं काम बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो म्हणतो, मजा आहे बुवा तुमची. मजा कसली डोंबलाची. फार दूरच्या ताऱ्यांचा उजेड मोजून ठेवलेला असतो, वर्षानुवर्षांचा. ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की उजेड कणभर उणा होतो, आणि ग्रह पुढे सरकला की पुन्हा होता तसा. रेघ सरळ चाललेली असते आणि मध्येच तिला बारीकसा खळगा पडतो. त्या खळग्यावरून ठरवायचं की ग्रह केवढा, ताऱ्यापासून किती लांब, तिथे ऊन किती पडत असेल, पाणी असलंच तर ते पाणी म्हणून टिकेल की उकळून जाईल की गोठून बसेल. थोडक्यात, राहण्याजोगा की नाही. यंत्र आधी चाळणी लावतं आणि उरलेलं माणसांकडे येतं. आता माणसाचे डोळे म्हटले की ते थकणार, आंबणार. म्हणून इथे एक रीत आहे. खऱ्या ताऱ्यांच्या उजेडात अधूनमधून खोटे खळगे पेरून ठेवायचे. कुठे पेरलेत ते पेरणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. तीन महिन्यांनी पेटी उघडायची. पेरलेला ग्रह जसा असेल तसा तुम्ही ओळखलात तर तुमची नजर शाबूत. बरा असून तो तुम्ही झटकून टाकलात तर तुम्ही खरेही झटकत असणार, मग चला, सुट्टी घ्या किंवा दुसरं काम बघा. म्हणून या टाळ्या. आणि म्हणूनच नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात की बाबा रे, पेटी उघडेपर्यंत कशावर जीव लावू नकोस आणि बाहेर कुणाजवळ बोलू नकोस. हे वाक्य त्यानंच किती जणांना ऐकवलं असेल.

त्याला नकारघंटा म्हणत ते उगाच नाही. उभी नोकरी त्यानं नाही म्हणण्यात काढली होती. हा वायूचा गोळा, नाही. हा ताऱ्याच्या इतका जवळ की दगड वितळावा, नाही. हा ग्रहच नव्हे, ताऱ्यावरचा डाग फिरून फिरून समोर येतोय, नाही. ह्याचा तारा भडक डोक्याचा, दर चार दिवसांनी आग ओकतो, तिथे कोण राहणार, नाही. सुरुवातीला नाही म्हणताना त्याला एक प्रकारची धार चढायची, आपल्याला कुणी फसवू शकत नाही अशी. मग ती धार गेली आणि सवय उरली. आणि अलीकडे, गेल्या चार-पाच वर्षांत, सवयीच्याही तळाशी साचलेला एक थकवा वर येऊ लागला होता. सकाळी खुर्चीत बसलं की तो खांद्यांवर येऊन बसायचा. इतकी घरं बघायची आणि एकही घ्यायचं नाही, असं किती दिवस चालणार? जग इतकं मोठं आणि त्यात धड जागा म्हणून कुठे नाही, हे रोज नव्यानं सिद्ध करून पगार घ्यायचा. त्याच्या जागी दुसरा असता तर केव्हाच वेड लागलं असतं, किंवा दुसऱ्याला कदाचित त्यात काही वाटलंही नसतं. कुणास ठाऊक.

आणि मग हा आला होता. एका मरगळलेल्या दुपारी, जेवणानंतर डोळ्यांवर झापड येते त्या वेळेला. पहिला खळगा बघून तो नेहमीसारखा खोट शोधायला लागला. खोट मिळेना. दुसरा खळगा पहिल्याइतकाच खोल. तिसरा जिथे पडायला हवा तिथे पडलेला, बूड सपाट, कडा स्वच्छ. आकार आपल्या पृथ्वीहून थोडा थोराड. तारा सूर्यापेक्षा जरा मवाळ, आणि वर्षानुवर्षांच्या उजेडात एकदाही त्यानं डोकं भडकवून घेतलेलं नाही. अंतर असं की ऊन पोचेल पण चटका बसणार नाही. त्यानं सगळं पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा केलं. पेरलेला असेल, ही शंका अर्थातच आली, ती सगळ्यांनाच प्रत्येक वेळी येते. पण पेरलेले ग्रह असे नसतात हे त्याला माहीत होतं. खरे ग्रह वाईट असतात म्हणून पेरणाऱ्यालाही ते वाईटच पेरावे लागतात, चुकूनमाकून एखादा मध्यम. असा एकही दोष नसलेला कोण पेरील? आणि त्या दुपारी त्याच्या छातीत काहीतरी हललं. आनंद म्हणावा इतकं मोठं नव्हतं ते. फार दिवसांनी दुखायचं थांबलेल्या दाढेवरून आपण जीभ फिरवून बघतो, तसं त्यानं आत चाचपून बघितलं आणि खरंच दुखत नव्हतं. त्यानं 'राहण्याजोगा' असा शेरा मारला, मोठ्या दुर्बिणीची वेळ मागितली आणि घरी जाऊन, स्वतःचाच नियम मोडून, सासूबाईंना सांगितलं.

बैठक संपल्यावर पेरणीवाली त्याला कॉफीच्या मशीनपाशी भेटली. पेरायचं काम गेली दोन वर्षं तिच्याकडे होतं म्हणून तिला सगळे पेरणीवालीच म्हणत. चाळिशीची, कायम घाईत असलेली, केसांत पेन्सिल खोचून विसरणारी बाई. "सर, सॉरी हं," ती म्हणाली. "म्हणजे सॉरी कशाबद्दल म्हणा, तुम्ही तर पास झालात. पण तुमचा चेहरा बघून वाटलं." तो म्हणाला, "छे छे, छान होता." मशीनचं भुर्रर्र थांबलं. मग त्याला राहवलं नाही. "पण असा का केलास? इतका निर्दोष? तुझे ग्रह असे नसतात." ती हसली. कपातला फेस ढवळत म्हणाली, "खरं सांगू? तेव्हा मी घर शोधत होते. भाड्याचं. रोज संध्याकाळी घरं बघायची. एकाला उजेड नाही, एकाच्या भिंतीला ओल, एकाचा मालक असा की दारात उभा राहून बघतच बसतो. जीव विटला होता हो. दिवसा इथे येऊन परत वाईट ग्रह बनवायचे. एक दिवस म्हटलं, मरू दे, एक तरी बरा करू. सगळं नीट असलेला. कुणाचं काय बिघडतंय!" त्यानं विचारलं, "मग मिळालं का घर?" "मिळालं की. अंधारं आहे." असं म्हणून ती कप घेऊन निघूनही गेली, पेन्सिल केसांत तशीच. तो मशीनपाशी उभा राहिला. तिच्यावर चिडून बघावं असं त्याला वाटलं, पण राग काही येईना. राग यायलाही अंगात थोडी रग लागते.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. काचेला डोकं टेकलं की इंजिनाची थरथर कवटीत शिरते, दात हलतात, तरी त्यानं डोकं टेकलेलंच ठेवलं. औषधांचं दुकान, कपडे धुऊन देणाऱ्याचं दुकान, बंद पडलेलं चित्रपटगृह, त्याच्या पायऱ्यांवर बसलेली तीच ती माणसं. सासूबाई पाच वर्षांपूर्वी आल्या होत्या त्या आठवड्यासाठी. लेकीचं ऑपरेशन, आठवडाभर हाताखाली कुणीतरी हवं म्हणून एक लहान बॅग घेऊन आल्या. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं, आणि मग लेक गेली. दिवस झाले, माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या घरात सकाळी उठून दोघांनी पाहिलं तर दोघं होते. त्या जातो म्हणाल्या नाहीत. तो राहा म्हणाला नाही. त्यांनी चहा टाकला, तो दोन कपांचा टाकला, बस्स. तेव्हापासून तसंच चाललं होतं. बायको नसताना बायकोच्या आईचं आपल्याशी नातं काय, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शेजारीपाजारी त्यांना त्याची आई समजत, आणि त्यानं कधी कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता. तो त्यांना आई म्हणे, त्या त्याला अहोजाहो करत, आणि खुशीत असल्या की मुद्दाम ताणून 'जावईबापू' म्हणत. बायको असती तर म्हणाली असती, तुम्ही दोघं म्हणजे एकाच डब्यात राहिलेली दोन वेगळ्या बरण्यांची झाकणं. कुठेच बसत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

मेहुणा परदेशी असायचा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा, एकुलता एक उरलेला. भला माणूस. त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर तीच अडचण होती. त्यानं आईसाठी तळमजल्यावरची खोली तयार केली होती, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला होता, खिडकीखाली फुलझाडं लावली होती. दर शनिवारी फोन करून विचारायचा, कधी येतेस? त्याचं म्हणणं रास्तच होतं. पोटचा मुलगा असताना म्हातारीनं जावयाकडे का राहावं, आणि तेही जिच्यामुळे जावई तीच राहिली नसताना? सासूबाई कधी गुडघे पुढे करत, कधी थंडी. तीन महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी सगळ्या सबबी संपल्या होत्या. फोन कानाला लावून त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, इकडेतिकडे बघत होत्या, आणि त्यांची नजर टेबलाशी बसलेल्या त्याच्यावर पडली. "अरे, यांचा एक निकाल लागायचाय," त्या म्हणाल्या. "कसला काय? ग्रहाचा. तो लागला की येते. नक्की येते, शब्द देते." मेहुण्याला वाटलं, आईनं म्हातारपणी ज्योतिषी गाठला. ते निस्तरायला त्यालाच फोन घ्यावा लागला होता. निस्तरता निस्तरता तो इतकं सांगत बसला, इतक्या उत्साहानं, की मेहुणा शेवटी म्हणाला, "तुम्हाला इतकं बोलताना मी ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतोय."

त्यानंतर घरात त्या ग्रहाचं बोलणं रोजचं झालं. राहण्याजोगा म्हणजे तिथे कुणी राहतं असं नव्हे, हे त्यानं त्यांना पहिल्या दिवशीच बजावलं होतं. फक्त पाणी टिकेल इतकंच. आणि कदाचित पेरलेलाही असेल, हेही. पेरलेला म्हणजे काय ते त्यांनी नीट समजून घेतलं होतं. "म्हणजे तुमची परीक्षा बघायला," त्या म्हणाल्या, "ठीक आहे, बघू देत." पण त्यामुळे त्यांच्या चौकशा थांबल्या नाहीत. वर्ष लहान आहे म्हणता, मग थंडी लवकर संपेल ना? ग्रह थोराड, म्हणजे वजन जास्त लागणार. "अगं बाई, मग माझ्या गुडघ्यांचं काय?" वारा कसा आहे? उजेड कोणत्या रंगाचा? तो म्हणाला, जरा पिवळट, संध्याकाळी चारच्या सुमाराला आपल्याकडे पडतो तसा, पण दिवसभर. ते त्यांना फार आवडलं. चारचा उजेड दिवसभर. मग कधीतरी भाजी चिरताना त्या आपल्याआपण म्हणत, "तिथे बरं असेल नाही आत्ता?" आणि तो वरमून म्हणे, "आई, तिथे कुणी नाही." "नसू दे की. बरं असायला कुणी लागतं का?" त्याला हसू यायचं. असं हसू त्या घरात फार दिवसांत आलं नव्हतं, त्यामुळे आल्यावर दोघांनाही थोडं चोरट्यासारखं व्हायचं, आणि मग ते समोरच्या बंद दाराकडे न बघता आपापल्या कामाला लागत.

त्या दारामागे बायकोची खोली होती. शेवटच्या वर्षातली. मधे एकदा तिचे रिपोर्ट चांगले आले होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, गाठ दिसत नाही, आणि ती उशीवर उठून बसली होती, दोन्ही हात तोंडावर ठेवून. सासूबाई रडायला लागल्या होत्या. तो मात्र रिपोर्टाचा कागद हातात धरून खिडकीपाशी गेला होता आणि उजेडात धरून बघत होता, जणू त्यातही कुठे खळगा दिसणार होता. तो म्हणाला होता, "थांबूया. पुढची तपासणी होऊ दे. एका निकालावरून काही ठरवायला नको." ती म्हणाली होती, "अरे, आजचा एक दिवस तरी मान ना. उद्या परत नाही म्हण." तो नाही म्हणाला नव्हता, आणि हो पण नाही. नुसता कागदाची घडी घालत राहिला. पुढची तपासणी झाली आणि तो बरोबर ठरला. बरोबर ठरून काय मिळालं? तिचा एक दिवस गेला, तेवढाच. बसच्या काचेवर आता बाहेरच्या दुकानांचे दिवे सरकत होते आणि त्याच्या मनात आलं की त्या दुपारी आपण त्या ग्रहाला हो म्हणालो ते कदाचित त्या दिवसाचं उसनं फेडायला. मग लगेच वाटलं, हे आपलं उगाच. ग्रह चांगला होता म्हणून हो म्हणालो. कुणीतरी घर शोधता शोधता जीव विटून सगळं नीट घातलं होतं त्यात, म्हणून तो चांगला होता. यापलीकडे काही नाही.

एक थांबा आधीच तो उतरला. चालत गेलं की थोडा वेळ मिळतो. आज शनिवार, फोन येणार. सोपं होतं खरं तर. नुसतं म्हणायचं, अजून नाही लागला. तीन शब्द. पेटी पुढच्या महिन्यावर गेली, यंत्र बिघडलं, प्रमुख आजारी आहेत, काहीही. त्यांना कुठून कळणार? त्यानं ते शब्द चालता चालता पुटपुटून बघितले. अजून नाही लागला. समोरून कुत्रं घेऊन येणाऱ्या माणसानं त्याच्याकडे चमकून पाहिलं. आणि त्या जर गेल्या तर? तर सकाळी चहा एका कपाचा टाकायचा. ते बंद दार आणि तो, असे दोघंच. राहा म्हणावं तर कोणत्या तोंडानं म्हणायचं? मुलानं दांडा बसवलाय, फुलं लावलीत. आपल्याकडे काय आहे? तिसरा मजला, सारखी बंद पडणारी लिफ्ट, उत्तरेची खिडकी. ही जागा कुणी आपल्यासमोर तपासायला ठेवली असती तर आपण काय शेरा मारला असता ते त्याला पक्कं माहीत होतं. अजून नाही लागला. जिन्यात त्याला धाप लागली. लिफ्ट आजही बंदच होती.

सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. शेंगांचा ढीग वर्तमानपत्रावर, दाणे पातेल्यात. त्यांनी मान वर न करताच रोजचा प्रश्न विचारला, "लागला का?"

"लागला," तो म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच दचकला. तीन शब्द वाटेतच कुठेतरी गळून पडले होते. इतकी वर्षं निकाल आहे तसा सांगत आलेलं तोंड, त्याला ऐन वेळी दुसरीकडे वळताच आलं नाही. हातात बूट धरून तो दारातच उभा राहिला.

सासूबाईंचा हात शेंगेवर थांबला. "मग?"

"पेरलेला होता."

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी शेंग फोडली नाही, तशीच खाली ठेवली. पंखा फिरत होता आणि वर्तमानपत्राचा कोपरा सारखा उचलला जात होता. "म्हणजे काहीच नाही तिथे?"

"तारा आहे. तारा खरा आहे. त्याच्याभोवती मात्र... म्हणजे आपल्याला दिसलेलं तरी काही नाही."

"तारा आहे ना, मग बरं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुणी केला होता हो?"

"आमच्यातलीच एक आहे. भाड्याचं घर शोधत होती तेव्हा. कुठे काही धड मिळेना, म्हणून तिनं ग्रह तरी धड केला."

"आणि घर? मिळालं का बिचारीला?"

"मिळालं. अंधारं आहे म्हणते."

सासूबाई हसल्या. आधी नाकातल्या नाकात आणि मग खांदे हलवून, पदरानं डोळे टिपत. कुठे हसणं संपलं आणि कुठे टिपणं सुरू झालं ते त्याला कळलं नाही. तो बूट ठेवून समोरच्या खुर्चीत बसला. अंग असं काही जड झालं होतं की पुन्हा उठता येईल की नाही याची शंका यावी.

"तुम्हाला बोलले का कुणी?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. उलट टाळ्या वाजवल्या. नजर चांगली आहे म्हणाले."

"नजर चांगलीच आहे तुमची. चांगलं होतं ते चांगलं म्हणालात. नव्हतंच ते, त्याला तुम्ही काय करणार?" त्यांनी शेंग पुन्हा हातात घेतली. "मला खूप वाईट वाटलं हं पण. खोटं कशाला बोलू? चारचा उजेड मला हवा होता."

"मलाही," तो म्हणाला. राहा म्हणावं, आत्ता म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांपर्यंत आलं. पण तो त्यांच्या बोटांकडे बघत राहिला. अंगठ्याच्या नखानं शेंगेची शीर ओढायची, पोट फोडायचं, दाणे पातेल्यात. बायकोही अगदी अशीच सोलायची.

फोन वाजला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तीन-चारदा वाजू देऊन सासूबाईंनी हात पदराला पुसले आणि फोन उचलला. "हां, बोल रे. बरी आहे. गुडघे काय, आहेत जागेवर." मग पलीकडचं ऐकत राहिल्या. मेहुण्याचा आवाज त्याच्यापर्यंत येत होता. शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता. तिकिटाचं काहीतरी, खोलीचं काहीतरी. फुलं आली असावीत. त्यानं पातेल्यातला एक दाणा उचलला आणि बोटांत फिरवत राहिला. आता सांगतील. शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडणारी ही बाई नव्हे. लेकीच्या आजारपणात एक गोळी चुकवली नव्हती त्यांनी. रिपोर्ट वाईट आला तेव्हा तो तिला सांगायचा की नाही यावर सगळे कुजबुजत असताना, यांनीच आत जाऊन सरळ सांगितला होता.

"निकाल होय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही रे. अजून नाही लागला."

दाणा त्याच्या बोटांतून निसटून टेबलावरून घरंगळत गेला.

"आता मी काय करू? फार सावकाश चालतं यांचं सगळं. ऊन मोजतात, पाणी मोजतात, तपासलेलं परत तपासतात... माझ्यावर कसला चिडतोस? थांब, यांनाच विचार." आणि त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला. त्याच्याकडे त्या बघत नव्हत्या. पातेल्याकडे बघत होत्या. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा चोरी केलेल्या मुलीसारख्या.

त्यानं फोन घेतला. "काय हो," मेहुणा म्हणाला, आवाजात वैताग होता आणि त्याच्याखाली थोडी काळजी, "खरंच अजून नाही लागला?"

"नाही," तो म्हणाला. "वेळ लागेल अजून."

"किती?"

"ते नाही सांगता येत. फार लांबचं काम आहे."

मेहुण्यानं सुस्कारा सोडला. मग जरा हसल्यासारखा झाला. "बरं, निकाल राहू दे. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? राहण्याजोगं आहे की नाही ते?"

त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. उत्तरेची खिडकी, तिच्यातून उजेड असा नव्हताच. वरची दिव्याची नळी सारखी फडफडत होती, बदलू बदलू म्हणत राहूनच गेली होती. भिंतीला ओल होती. टेबलावर शेंगांचा ढीग होता आणि ढिगापलीकडे त्या, कान इकडे लावून, सोलल्याचं सोंग करत, हातात रिकामं साल.

"आहे," तो म्हणाला.

त्यानं फोन ठेवला तेव्हा सासूबाईंनी ढिगातल्या निम्म्या शेंगा वर्तमानपत्रावरून त्याच्या बाजूला सरकवल्या. "हात धुऊन या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "बऱ्याच राहिल्यात अजून."